तेवीस नंबरची पुडी

माझ्या आईनं आयुष्यात कुणाचं भांडं रिकामं परत केलं नाही. शेजारणीनं वाटीभर ताक आणून दिलं की वाटी विसळून, पुसून, तिच्यात चार हिरव्या मिरच्या तरी टाकूनच ती परत जायची. मिरच्या नसल्या तर मीठ, आणि मिठाचा डबा रिकामा असला तर चिमूटभर साखर. दारातून रिकामं भांडं गेलं की त्याच्याबरोबर घरची बरकत जाते, असं अम्माचं म्हणणं होतं आणि त्यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. अब्बांचा धंदा चाळण्यांचा. तुरीची, ज्वारीची, रव्याची, मैद्याची, अशा हर तऱ्हेच्या चाळण्या ते करीत. गिऱ्हाईक नवी चाळणी घेऊन निघालं की अम्मा आतून मूठभर ज्वारी आणायची, चाळणीत टाकायची, एकदा हलवायची आणि म्हणायची, घ्या, आता ही तुमची. जे दाणे पडायचे ते ओट्यावर पडत, उरलेले गिऱ्हाइकाबरोबर जात. आमच्या ओट्याखाली म्हणून कायम चिमण्या असत. हे सगळं आधीच सांगून ठेवते आहे, कारण पुढे जे झालं त्यात माझा हात होता आणि तो हात मला अम्माकडून आला होता.

घर आसेगावच्या बाजाराच्या वाटेवर. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यामागे अंगण, आणि अंगणाच्या शेवटी कमरेएवढी भिंत. भिंतीपलीकडे मास्तरांचं घर. सकाळचा चहा व्हायच्या आत अब्बांची मोगरी, म्हणजे लाकडी हातोडी, सुरू व्हायची. टक टक टक, मग कात्रीनं पत्रा कापल्याचा कर्र आवाज, मग परत टक टक. तो आवाज आम्हाला ऐकूच येत नसे. थांबला की मात्र सगळे दचकून दुकानाकडे बघायचे. दुपारी जेवणापुरता तो थांबे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, सिरक्यात मुरवलेला कांदा, आणि अब्बांचं ठरलेलं वाक्य, आज मीठ बरोबर पडलं आहे. मीठ रोजच बरोबर असे. घरात आम्ही उर्दू आणि वऱ्हाडीची खिचडी बोलत असू. ती इथे मी वऱ्हाडीतच लिहिते आहे, नाहीतर माझी नातवंडं पहिल्याच पानावर पुस्तक मिटतील. तशीही मिटतीलच म्हणा.

त्या उन्हाळ्यात मी दहावीची परीक्षा देऊन घरी बसले होते. बसले होते हे आपलं म्हणायचं म्हणून. माझ्याच्यानं एका जागी दोन मिनिटं बसवत नव्हतं. भाकरी थापताना मी चार वेळा उठून अंगणात जाऊन यायची, झाडलेलं अंगण परत झाडायची, आणि अम्मा म्हणायची की हिच्या पायाला कुणीतरी भोवरा बांधलाय. मानोऱ्याहून एक स्थळ आलं होतं. मुलाचं कापडाचं दुकान, स्वभाव गरीब. अम्माला पसंत होतं. अब्बा ‘बघू’ म्हणत. ‘बघू’ हा अब्बांचा आवडता शब्द, त्यात होकार, नकार आणि विसर असं सगळंच मावायचं. मला पुढे शिकायचं होतं. काय शिकायचं ते विचाराल तर सांगता आलं नसतं. इथून उठायचं आहे एवढंच कळत होतं, आणि ते इतकं जोरात कळत होतं की ताटातला घास खाली जात नसे.

अशा दिवसांत मधुभाऊ कावीळ घेऊन नागपुराहून घरी आला. मधुभाऊ म्हणजे मास्तरांचा मुलगा, नागपुरात दगडांचं शिक्षण घेत होता. गावाला यात हसू येई. आमच्याकडे वीतभर माती उकरली की काळा कातळ लागतो, दगड शिकायला नागपूरला कशाला जावं लागतं असं लोक मास्तरांना तोंडावर विचारत. आजारपणात त्याचं निम्मं वर्ष बुडालं होतं आणि या वर्षी काम पुरं झालं नाही तर त्याचे सर त्याला ठेवून घेणार नव्हते. म्हणून सरांची परवानगी काढून त्यानं कामच घरी आणलं. जऊळक्याच्या स्टेशनावर चार लाकडी पेट्या उतरल्या आणि तिथून कुणाच्या तरी मालट्रकातून आमच्या गल्लीत आल्या. आत दगड होते, हिमाचलात स्पिती म्हणून मुलूख आहे तिथले. राखाडी चुनखडीचे तुकडे, प्रत्येकावर शाईनं नंबर, एक ते चाळीस. आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले वेटोळ्याचे काही दगड, शिंगासारखे गोल गोल वळलेले. त्यातला एक मास्तरीणबाईंनी शाळिग्राम म्हणून उचलला, त्याला गंध लावलं आणि देवघरात नेऊन ठेवला. मधुभाऊ म्हणाला, आई, त्याच्यावर नंबर आहे, तो मोजून परत द्यायचा आहे. त्या म्हणाल्या, देवाला नंबर नसतो. तो दगड शेवटपर्यंत परत गेला नाही.

मास्तरांच्या मागच्या पडवीत प्लास्टिकच्या बादल्या मांडल्या गेल्या. बादलीत पाणी, पाण्यात सिरक्याच्या जातीचं आम्ल, आणि आम्लात ते दगड. दगडातून बारीक बुडबुडे येत आणि दिवसचे दिवस तो दगड विरघळत राही. सगळ्या गल्लीत सिरक्याचा वास. पहिल्या दिवशी अम्माला वाटलं मास्तरीणबाईंनी लोणचं घातलं, म्हणून तिनं भिंतीवरून टोपलीभर कांदे दिले. कावीळ झालेल्या माणसाच्या घरी सिरका कशाला करतात, हे मात्र ती आठ दिवस पुटपुटत राहिली.

दगड विरघळल्यावर जो गाळ उरे तो बारीक जाळीवर धुवावा लागे. कॉलेजातली परदेशी चाळणी घरी न्यायला मिळत नव्हती. मधुभाऊनं नुसती जाळी मिळवून आणली, मलमलीसारखी बारीक, आणि अब्बांसमोर ठेवली. चाचा, हिला असं बसवा की सांध्यात कण अडकता कामा नये. अब्बांनी ती जाळी उन्हात धरली आणि वळवून वळवून पाहिली. एवढं बारीक काम त्यांच्याकडे जन्मात आलं नव्हतं. तीन दिवस त्यांनी दुसरं काही हातात घेतलं नाही. पितळेचं कडं वाकवलं, जाळी ताणली, आतून सांध्यावर वितळलेल्या कथलाची अशी सलग झाळ फिरवली की बोट फिरवून कुठे सुरू झाली ते सांगता येऊ नये. चाळणी तयार झाल्यावर अम्मानं रिवाजाप्रमाणे तिच्यात मूठभर ज्वारी टाकली. मधुभाऊनं ती ज्वारी दोन्ही हातांनी काढून आदरानं तिच्या ओंजळीत परत दिली, आणि भिंतीपलीकडे जाऊन चाळणी तीन पाण्यांनी धुतली. अम्मानं ते पाहिलं. तिचा चेहरा पडला.

मी त्या पडवीत कशी शिरले ते आता नीट आठवत नाही. बहुतेक भाकरी द्यायला गेले आणि परत आलेच नाही. मधुभाऊजवळ एक सूक्ष्मदर्शक होता. धुतलेला गाळ वाळवून तो काळ्या बशीत पसरायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं त्यातून एकेक कण उचलायचा. हे कण म्हणजे दात. खसखशीहून लहान, करपलेल्या गुळाच्या रंगाचे, करवतीसारख्या कडेचे. कोनोडोंट असं त्यांचं नाव. कोणत्या प्राण्याचे ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. आता कळलं आहे, वाम माशासारखा बोटभर लांब काहीतरी जीव होता तो; ते कळलं तेव्हा मी एका खोलीत एकटीच हसले होते, जुन्या ओळखीच्या माणसाचं आडनाव चाळीस वर्षांनी कळावं तशी. मी नुसतं बघते म्हणून भिंगाला डोळा लावला आणि पाच मिनिटांत अकरा दात काढले. तांदळातले खडे निवडत मोठी झालेली पोर मी, मला त्यात अवघड काही वाटलं नाही. मधुभाऊला सकाळपासून चारच मिळाले होते. दुसऱ्या दिवसापासून धुण्याचं, वाळवण्याचं, पुड्या बांधण्याचं आणि निवडण्याचं काम माझ्याकडे आलं. आणि नवल म्हणजे त्या स्टुलावर मी तासन्‌तास बसत होते.

तो मला समजावून सांगायचा. आमच्या घराला दर ईदला निळीचा हात मारला जायचा. भिंतीचा पोपडा निघाला की खाली मागच्या सालचा निळा, त्याखाली त्याच्या मागचा, असे थर दिसत. दगडांचंही तसंच, म्हणाला. एक नंबर सगळ्यांत खालचा म्हणजे सगळ्यांत जुना, चाळीस सगळ्यांत वरचा. वीस कोटी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी हे थर बसले. आणि मधेच कुठेतरी, वीस-एकवीसच्या आसपास, एक जग संपलं. खालच्याला ट्रायासिक म्हणतात, वरच्याला जुरासिक. त्या वेटोळ्याच्या दगडांना अमोनाइट म्हणतात. ते समुद्रात पोहणारे जीव होते, त्यांच्यातलेही जवळजवळ सगळे तेव्हा मेले. एखाददुसरा वंश तेवढा निभावला, आणि त्याच्यातून पुढे समुद्र परत भरला. मी हे घरी येऊन अम्माला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, “अल्लानं चिमूटभर ठेवली अशीन. भांडं रिकामं नाई करत तो.” मी हे मधुभाऊला सांगितलं तेव्हा त्याला फार आवडलं. मग तो म्हणाला, त्या वेटोळ्याच्या शंखांची चिमूट राहिली खरी, पण दातांची नाही राहिली. ते कोणत्या थरापर्यंत आहेत आणि कुठून पुढे नाहीत, एवढंच मला पाहायचं आहे.

मला ते ‘नाहीत’ मनातून पटलं नव्हतं. आज शांतपणे विचार करते तेव्हा वाटतं, सगळी गोष्ट तिथेच झाली.

सतरा नंबरचा गाळ भरपूर होता, दातांनी गच्च. त्याची पुडी फुगून वर आली होती. त्याच दुपारी मी तेवीस नंबर धुवायला घेतला. धुतलं, आणि जाळीवर काहीच राहिलं नाही. पातळ चिखल होता तो पाण्याबरोबर गेला आणि जाळी स्वच्छ, नव्यासारखी. मी कागद घेतला, त्यावर ‘२३’ लिहिलं, घडी घातली. हातात रिकामी पुडी. मास्तरीणबाई हाका मारत होत्या, दूध उतू जात होतं की काय. मी सतरा नंबरची पुडी उघडली, चिमूटभर उचलली, तेविसात टाकली, दोन्ही बांधल्या आणि दुधाकडे पळाले. शेजारणीच्या वाटीत मीठ टाकताना जितका विचार करतात तितकाच मी तेव्हा केला. म्हणजे केलाच नाही. संध्याकाळपर्यंत मी ते विसरूनही गेले होते.

आठेक दिवसांनी मधुभाऊ म्हणाला, एकवीसपासून पुढच्या पुड्या नुसत्या नजरेखालून घाल, त्यात काही असणार नाही. एकवीसमध्ये नव्हतं. बाविसात नव्हतं. तेविसात मला दोन दात दिसले. मी आपलं सहज म्हटलं, इथे आहेत की दोन. तो उठला तेव्हा स्टूल आडवं झालं. त्यानं पाहिलं, परत पाहिलं, कागदावरचा नंबर पाहिला, मला तीनदा विचारलं की पुडी हीच ना. मी म्हटलं हीच. त्याच्या डोळ्यांत कावीळ उतरल्यानंतरचा पांढरा रंग नुकता कुठे परत येत होता, ते डोळे भरून आले. चिमूट राहिली होती म्हणजे. जगात जिथे कुणाला सापडले नाहीत तिथे ते आसेगावच्या पडवीत सापडले होते. त्यानं तिथल्या तिथे सरांना पत्र लिहिलं, सोबत सगळ्या थरांतल्या दातांची चित्रं काढून जोडली, आणि पत्राची शाई वाळायच्या आत भिंत ओलांडून अब्बांकडे गेला. चाचा, नागपुरात मुलींचं वसतिगृह आहे, कॉलेज आहे, आणि आमच्या खात्यात असे कण निवडणारं माणूस हवंच आहे. हिला पाठवा. अब्बांची मोगरी थांबली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं त्या जाळीकडे पाहिलं होतं. आणि ते ‘बघू’ म्हणाले नाहीत. म्हणाले, निकाल लागू दे, मग नागपूरच. मानोऱ्याला त्यांनी निरोप धाडला की पोरीला अजून शिकायचं आहे.

दोन दिवस मी हवेत होते. तिसऱ्या दिवशी तांड्यावरची एक बाई तुरीची चाळणी घ्यायला आली. मी मागच्या खोलीत पीठ मळत होते आणि दारातून मला ओटा दिसत होता. अम्मा उठली, कणगीत हात घातला, मूठ आणली, चाळणीत सोडली. एवढंच. माझे हात पिठात होते तसेच राहिले. स्वच्छ जाळी, रिकामी पुडी, सतराची फुगलेली पुडी, उतू जाणारं दूध, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मी स्वतःशी भरपूर वकिली केली. ते दोन दात तुझ्या चिमटीतलेच कशावरून, तेविसातले स्वतःचे असतील की. पण जाळी मी स्वतः पाहिली होती आणि जाळी स्वच्छ होती. मग म्हटलं, दोनच तर दात, वीस कोटी वर्षांपूर्वीचे, मेलेल्याला दोन दिवस जास्त जगवले तर कुणाचं काय गेलं. मग म्हटलं, सांगेन, पण निकाल लागल्यावर. मग म्हटलं, नागपूरला जाऊन सांगेन. खोटं कसं पुढे पुढे ढकलता येतं ते मी त्या पंधरवड्यात शिकले. अन्न गोड लागेना. मी अंगण इतकं झाडलं की अम्मा म्हणाली, आता खालचा कातळ लागेल. शेवटी मी तिलाच सांगितलं. तिनं ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, “चिमूटभरच तं होती. चिमटीनं कोनाचं काय बिघडते?” मला त्या क्षणी तिचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. मी परत झाडू उचलला.

पत्राचं उत्तर आलं. मधुभाऊ ते घेऊन आमच्या दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा परत पिवळा पडला होता. सरांनी लिहिलं होतं की तेविसातले दात सतरातल्या दातांसारखेच दिसतात, तेव्हा ते तेविसाच्या थरातले नसून चाळणीतून आले आहेत. गावठी चाळणीच्या सांध्यात आधीचे कण अडकले असणार. अशा चाळणीवर केलेलं काहीच धरता येणार नाही, चाळीसही नमुने टाकून द्यावेत. मधुभाऊ वाचून दाखवत होता आणि त्याला अब्बांकडे बघवत नव्हतं. वाचून झाल्यावर त्यानं अगदी खाली मान घालून विचारलं की चाचा, कुठे एखादी फट राहिली असेल का. अब्बांनी हात पुढे केला. चाळणी दे.

ते ओट्यावर उन्हात जाऊन बसले. चाळणी डोळ्यांशी धरून त्यांनी ती तसूतसूनं फिरवली. झाळेवरून आधी बोट फिरवलं, मग नख, मग अम्माच्या शिवणाच्या डब्यातली सुई. परत पहिल्यापासून. गिऱ्हाईक आलं ते उभं राहून निघून गेलं. जेवायची वेळ झाली, अब्बा उठले नाहीत. मोगरी बंद होती. त्या शांततेत गल्लीतलं कोणीतरी डोकावून विचारून गेलं की तब्येत बरी आहे ना. तीस वर्षं चाळण्या करणारा माणूस आपल्या सगळ्यांत चांगल्या चाळणीत दोष शोधत होता आणि त्याला तो सापडत नव्हता. आणि सापडत नाही म्हणून तो आपल्याच डोळ्यांवर संशय घ्यायला लागला होता. त्यांनी मला हाक मारली. तुझी नजर तेज आहे, तू बघ, मला आता दिसत नसेल. त्यांनी चाळणी माझ्या हातात दिली.

मी ती धरली आणि मला नागपूर दिसलं. खरंच दिसलं, न पाहिलेलं वसतिगृह, खिडकी, खिडकीत मी. आणि मग मी ते सोडलं. “अब्बा, चाळणीत दोष नाई. सतरातली चिमूट म्या टाकली तेविसात.”

मधुभाऊनं फक्त एकच शब्द विचारला, “काहून?”

“पुडी रिकामी होती. रिकामी कशी देऊ तुमाले?”

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. मधुभाऊनं पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि तो भिंतीकडे न जाता लांबच्या रस्त्यानं घरी गेला. अब्बांनी माझ्या हातातून चाळणी घेतली, पुन्हा एकदा उन्हात धरली आणि स्वतःशीच म्हणाले, “चाळणी बरोबर हाये.” मग त्यांनी मोगरी उचलली. टक टक टक. मी तिथेच ओट्यावर बसून रडले. नागपूरसाठी रडले हे खरं आहे, पण त्या आवाजासाठीही रडले. आत अम्मानं माझ्यापुढे ताट सरकवलं आणि तोंड फिरवलं. तिच्याविरुद्ध मी साक्ष दिली होती, असं तिला वाटलं असावं. एका अर्थी दिलीच होती.

आठ दिवस भिंतीवरून हाक आली नाही. नवव्या दिवशी आली. मधुभाऊनं तेविसाची पुडी काळ्या बशीत उघडून ठेवली होती. म्हणाला, यातला एकेक कण उचल आणि सतरात परत टाक. मी दुपारभर ते केलं. बशी काळी कोरी झाली तेव्हा त्यानं नवा कागद दिला. नंबर लिही, घडी घाल, बांध. मी घडी दोन्ही हातांनी, अगदी हळू घातली, कागदात नसलेलं काही सांडेल की काय म्हणून. मधुभाऊ म्हणाला, “रिकामी हाये हेच तं मले सांगाचं होतं, जैबू. इथून पुढं ते नाई. त्यायची चिमूट राह्यली नाई. ते लपवशीन तं त्यायच्या मरणाले काय अर्थ राह्यला?” त्याच्या आवाजात राग होता. तो राग पुढे कित्येक वर्षं थोडासा राहिलाच. सरांना त्यानं सगळं जसंच्या तसं कळवलं, आणि चाळीसही नमुने वाचले. तेविसासमोर त्यानं लिहिलं, काही आढळले नाही. तो प्रबंध माझ्याकडे आहे. माझ्या लेखी त्यातलं सगळ्यांत मोलाचं पान तेच आहे, ज्यावर माझं नाव नाही.

त्यानं दिलेला शब्द पाळला, तेही कुरकुरत. अब्बांच्या समोर उभं राहून म्हणाला, मी बोललो होतो ते बोललो होतो. हिची नजर तयार आहे, हात तेवढा बदलावा लागेल. अब्बा म्हणाले, हात तिच्या आईचा आहे. आत अम्माच्या बांगड्यांचा आवाज थांबला. निकाल लागला, मी पास झाले, आणि अब्बा परत ‘बघू’वर आले. मला वाटलं संपलं सगळं. मानोऱ्याच्या लोकांनी दुसरी मुलगी पाहिली होती, पण मानोरे जगात खूप असतात.

पुढे माझी सगळी उमर याच कामात गेली. दोन नमुन्यांच्या मधे चाळणी आम्ही निळ्या रंगात बुडवत असू, आधीचा एखादा कण अडकून राहिला तर तो निळा दिसावा आणि फसवणूक होऊ नये म्हणून. नव्या मुली विचारायच्या, एवढं कशाला. मी सांगत नसे. नुसती म्हणायची, बुडवा.

निकालानंतरच्या त्या दिवसांत एका सकाळी उठले तर माझी पेटी दारात होती. अब्बा तिला दोरी बांधत होते, माझ्याकडे न बघता. जऊळक्याला जाणारी गाडी सांगून ठेवली होती म्हणे. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, मला आजपर्यंत कुणी सांगितलं नाही. अम्मानं फडक्यात भाकरी बांधल्या, ठेच्याची पुडी दिली, दोन वेळा माझ्या डोक्यावरची ओढणी सारखी केली. मग ती आत गेली आणि ती बारीक जाळीची चाळणी घेऊन आली. मधुभाऊ ती माझ्यासाठी ठेवून गेला होता. तिनं ती सकाळीच धुतली होती. जाळीतून पाण्याचा थेंब अजून पडत होता. चाळणी एका हातात धरून तिनं दुसरा हात सवयीनं कणगीत घातला. मूठ भरल्याचा आवाज मी ऐकला. मग तो हात तसाच थांबला. ज्वारी परत कणगीत पडली, हळूहळू, बोटांतून. अम्मानं पदराला हात पुसला, नीट, एकेक बोट, आणि चाळणी माझ्यापुढे धरली.

“ने,” ती म्हणाली. “रिकामीच ने.”